घोड्यावर बसवलं तर बोलेल का?

घोड्यावर बसवलं की स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं बोलायला लागतात, हे खरं का, असा प्रश्न अलीकडे पालक वरचेवर विचारतात. कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवलेला असतो. पुण्या-मुंबईला राहून उपचार घ्यायचे तर किती खर्च येईल, याची आकडेमोडही घरात झालेली असते.

आदीची आई आली ती सासूबाईंना घेऊनच. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आदी आठ वर्षांचा, शब्द मोजकेच, तेही त्याच्या मर्जीने. वडिलांचा यंत्रमागाचा छोटा कारखाना घराला लागूनच. माग सुरू झाले की हा कानावर हात घेऊन पलंगाखाली. पण आषाढी वारीत माळशिरस तालुक्यात माउलींच्या पालखीचं रिंगण बघायला नेलं, तेव्हा एवढ्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या गजरात तो आजीचा हात धरून उभा राहिला. स्वाराशिवाय धावणाऱ्या माउलींच्या अश्वावरून त्याची नजर हलेना. आजींनी टापांखालची माती त्याच्या कपाळाला लावली होती. "माउलींनीच वाट दाखवलीय बघा मॅडम," त्या म्हणाल्या. या श्रद्धेला हात लावायचं मला काही कारण नव्हतं.

आईची काळजी वेगळी होती. "बोलेल का ते नंतर. पडला तर? लहानपणी झटके येऊन गेलेत त्याला."

मला हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटला. झटके (फिट) आटोक्यात नसतील तर घोड्यावर बसवायचं नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे वरचे मणके सैल नाहीत ना, हे आधी तपासून घ्यावं लागतं. मेंदूच्या पक्षाघाताच्या (सेरेब्रल पाल्सी) मुलांचे खुबे निखळलेले असू शकतात, म्हणून तिथे हाडांच्या डॉक्टरांचा होकार हवा. सगळीकडून होकार आला तरी डोक्यावर हेल्मेट, घोड्यापुढे लगाम धरणारा एक माणूस आणि गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंनी आधार देत चालणारे दोघे, इतकी तयारी लागते.

आता 'बोलेल का'. घोडा संथ चालतो तेव्हा वर बसलेल्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलते आणि थोडी वळतेही, साधारण आपण चालताना हलते तशीच. ज्याला स्वतःला नीट चालता येत नाही, त्याच्या धडाला ही लय आयती मिळते, तोल सावरायचा सराव होतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे राहिले. त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं, आणि या उपचारांकडे जगाचं लक्ष वळलं ते बरंचसं त्यांच्यामुळे. पण ही शरीराची गोष्ट झाली. स्वमग्न मुलांबद्दल अमेरिकेत कोलोराडोमध्ये झालेला एक चांगला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ६ ते १६ वयाच्या मुलांपैकी काहींना १० आठवडे घोडेस्वारी दिली, बाकीच्यांना घोड्यांची माहिती दिली पण घोडा दिला नाही. स्वारी करणाऱ्यांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली, बोलण्यातले शब्दही काहीसे वाढले. स्वमग्नता गेली, असं त्यात कुठेही नाही. म्हणून आईला सांगितलं, वाचा-उपचार एक दिवसही बंद करायचे नाहीत.

मग सुरुवात कुठून? वडील म्हणाले, वरातीचा घोडा भाड्याने आणू की. याला मी साफ नाही म्हटलं. ताशाची सवय झालेला घोडा पोराच्या अचानक किंकाळीला बिचकणार नाही, याची खात्री कोण देणार? गावाबाहेर एका घोडेवाल्या मामांकडे वरातीतून निवृत्त केलेली एक थोराड घोडी होती. तिची ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगासाठी रक्त तपासणी झाल्याचा कागद पाहिला (हा रोग माणसालाही होतो), आदीचं धनुर्वाताचं इंजेक्शन झाल्याची खात्री केली. आणि ठरवलं, सध्या वर बसायचं नाही. खाली उभं राहून खरारा करायचा, म्हणजे ब्रशने घोडीचं अंग घासायचं, बास.

सुरुवातीला तो नुसताच लांबून बघायचा. मग एकदा त्याने मामांच्या हातातला खरारा ओढून घेतला आणि घोडीच्या बरगडीवर कचाकच घासला. कातडी थरथरली, तिने कान मागे टाकले आणि एक पाऊल बाजूला झाली. आई "हळू रे" म्हणणार तोच मी तिला खुणेने थांबवलं. आदीने हातातल्या खराऱ्याकडे पाहिलं, मग घोडीच्या कानाकडे. पुन्हा हात टेकवला तो हलकेच. घोडी जागची हलली नाही. हळूहळू कान सैल पडले, मान खाली आली आणि ती फुरफुरली. त्याने मान वळवून आईकडे पाहिलं, तू बघितलंस ना, अशा नजरेने. दाखवण्यासाठी असं आपणहून बघणं त्याच्या बाबतीत दुर्मीळ होतं.

माझं मत असं की, घोड्याची मदत होते ती इथे. माणसाचा चेहरा या मुलांना गोंधळात टाकतो. ओठ हसतात, डोळे रागावलेले, वर शब्द तिसरेच. घोड्याचं तसं नाही. कान केवढे मोठे, आणि जे वाटेल ते तिथल्या तिथे दिसतं. त्या दिवशी आईही काही शिकली. घरी ती प्रश्न विचारून लगेच उत्तरही स्वतःच द्यायची, आता थांबते.

पुढे मेंदूविकारतज्ज्ञांचा होकार मिळाला आणि फिजिओथेरपिस्ट सोबत उभ्या राहिल्या, तेव्हाच तो घोडीवर बसला. शब्द फारसे वाढलेले नाहीत. चित्रांच्या कार्डांमधून घोड्याचं कार्ड मात्र तो आपणहून काढून आईच्या हातात देतो. माग सुरू झाले की अजूनही पलंगाखालीच जातो, त्यावर वेगळं काम चालू आहे.

दिवाळीच्या सुमारास आजोबा अकलूजच्या घोडेबाजारात घोडी बघायला निघाले होते. त्यांना चारा, पाणी, नाल, घोडीची निगा राखणाऱ्या मोतद्दाराचा पगार असा सगळा हिशेब मांडून दाखवला. "पोराला एवढं आवडतंय, खर्चाचं काय," म्हणाले. शेवटी सूनबाईच बोलल्या, "मामंजी, घोडी आणली तर कारखान्याशेजारीच बांधावी लागंल. मागाच्या आवाजात ती तरी कशी राहणार?" बाजार तेवढ्यावर रद्द झाला.