ताप लपवणारा भाडेकरू

‘आमच्याकडची परप्रांतीय पोरं ताप आला तरी सांगत नाहीत. त्यांना जिवाची पर्वाच नाही का?’ करोनाच्या काळात नाशिकमधले घरमालक मला हे वारंवार विचारायचे. मला भेटलेल्या मुलांना पर्वा होती. पण आजाराइतकीच धास्ती डोक्यावरचं छप्पर जाण्याची होती.

एप्रिल २०२१मध्ये अंबड एमआयडीसीजवळ खोल्या भाड्यानं देणाऱ्या एका ताईंचा फोन आला. एका खोलीत गोरखपूरकडची सहा मुलं राहायची, ड्युटीप्रमाणे आलटून पालटून झोपायची. त्यातला एक कामावर जात नव्हता. उशीखाली पॅरासिटामॉलची पाकिटं, आणि विचारलं तर ‘थकान है, चाची’. ताईंच्या सासूबाईंना मधुमेह, त्यामुळे त्या घाबरून गेल्या होत्या. ‘मॅडम, खोली रिकामी करायला सांगू का?’

मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं आणि त्या मुलाशी फोनवर बोलले. बराच वेळ नुसतं ‘हां जी’ झालं, मग तो मोकळा झाला. २०२०च्या टाळेबंदीत तो भिवंडीत होता. काम बंद पडलं, खोली गेली. कसारा घाट पायी चढून आला, नाशिकच्या निवारा केंद्रात अडकला आणि मे महिन्यात नाशिकरोडहून श्रमिक गाडीनं लखनौमार्गे गावी पोहोचला. पॉझिटिव्ह आलो की पुन्हा रस्त्यावर, हे त्यानं मनात पक्कं धरलं होतं. त्यात २१ एप्रिलला शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनगळतीमुळे रुग्ण दगावले. दवाखान्याचं नावही त्याला नको झालं होतं.

अशा माणसाला विषाणू समजावून उपयोग नसतो. ताईंना म्हटलं, आधी खोलीचं बोला. त्या मास्क लावून दाराशी गेल्या. ‘बेटा, खोली तुझीच आहे. सामान इथंच राहील, भाड्याचं मागाहून बघू.’ ठेकेदाराकडूनही, काम जाणार नाही, असं त्याला फोनवर वदवून घेतलं.

चाचणी पॉझिटिव्ह आली. सहा जणांत एक खोली आणि सामायिक संडास, तिथं घरी वेगळं राहणं अशक्यच होतं. कोविड केंद्रात काय होतं ते मी त्याला सविस्तर सांगितलं: बोटाला ऑक्सिमीटर लावतात, आकडा ९४च्या खाली गेला तर रुग्णालयात हलवतात, आणि सौम्य आजार असेल तर लक्षणं दिसल्यापासून साधारण दहा दिवसांनी सोडतात. त्यानं एवढंच विचारलं, ‘चार्जर ले जा सकता हूँ?’ गावी आईला रोज फोन करायचा होता.

तो केंद्रात असतानाच त्याच खोलीतले आणखी दोघं आपणहून ताईंकडे आले. घसा दुखतोय, चाचणी कुठं होते, विचारायला.