उत्तर येतं, पण कागदावर उतरत नाही

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही फलटण तालुक्यात राहतो. मुलगा मराठी शाळेत नववीला आहे. विहिरीवरची मोटार खोलून पुन्हा जोडतो. धडा मी वाचून दाखवला की उत्तरं तोंडी अचूक देतो. पण सहामाहीला विज्ञानात ४० पैकी ९ पडले. ‘त्रेपन्न’ सांगितलं तर ३५ लिहितो. सर म्हणतात, मुद्दाम करतो. त्याचे वडील म्हणतात, आणखी एक शिकवणी लावू. एकीने सुचवलं, तपासून घ्या, दहावीला सवलत मिळते. पण मग त्याला विशेष शाळेत घालावं लागेल का? अपंग म्हणून शिक्का बसेल का? त्याच्या वहीची दोन पानं सोबत पाठवते आहे. — एक आई

उत्तर : ताई, ती पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. ‘घर’चं ‘धर’, ‘भाकरी’ची ‘माकरी’, आणि जोडाक्षर आलं की त्यातलं अर्धं अक्षर गायब. दोन्ही पानांवर त्याच जागी त्याच चुका आहेत. मुद्दाम चुकणारं मूल इतकं नेमाने चुकत नाही. ‘त्रेपन्न’ म्हणताना आपण तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना पाच आधी लिहितो. तो बिचारा कानावर पडलं त्या क्रमाने लिहितोय. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अशीच मुलं आली होती.

वहीवरून निदान होत नाही, तपासणीच हवी. ही अध्ययन अक्षमता असू शकते, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये तिचा समावेश आहे. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. आधी डोळे आणि कान तपासतात, मग बुद्ध्यंक, मग वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या. एका खेपेत उरकत नाही, आठवडे जातात. चाचण्या मराठीतच घ्या, असं आग्रहाने सांगा. खासगी समुपदेशकाच्या अहवालावर थांबू नका, बोर्डाला अधिकृत वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं.

विशेष शाळेत घालण्याची गरज नाही. तो आहे त्याच वर्गात शिकेल. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा. आणि शिक्क्याचं म्हणाल, तर वर्गात त्याच्यावर ‘ढ’ हा शिक्का कधीच बसलाय, तोही कुठल्या कागदाशिवाय. तो पुसायला हे प्रमाणपत्र उपयोगी पडेल.

घाई करा म्हणते त्याला कारण आहे. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. माझ्या ओळखीच्या एका मुलीची सगळी कागदपत्रं तयार होती, पण ती शाळेच्या कपाटातच राहिली. परीक्षेला ती इतरांइतक्याच वेळात बसली आणि तीन विषयांत राहिली. ती पेपर देऊन बाहेर आली तेव्हाचा तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

मंजुरी मिळाली की तासाला २० मिनिटं वाढीव मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास, आणि बीजगणिताच्या दोन तासांना ४० मिनिटं. लेखनिकही, म्हणजे त्याने सांगितलेलं उत्तर लिहिणारा, घेता येतो, तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो. पण ताई, लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. इथेच बहुतेक घरं चुकतात. सांगून लिहवून घेणं ही वेगळी विद्या आहे. मुलं भराभर बोलतात, लिहिणारा मागे पडतो, मग दोघेही गोंधळतात. नात्यात कुणी आठवीतलं असेल तर आजपासून दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका घेऊन दोघांना बसवा. पूर्ण वाक्य मनात जुळवायचं, मग थांबत थांबत सांगायचं. नवीन परिच्छेद कुठे, अधोरेखित काय, हेही त्यानेच बोलायचं. आकृत्या कशा करून घ्यायच्या ते शाळेला आधी विचारा. पाचसहा रविवार नुसती चिडचिड होईल. होऊ द्या.

दुसरी शिकवणी नको. दिवसभर न जमणारं काम संध्याकाळी पुन्हा दोन तास करायला लावण्यासारखं आहे ते. त्यापेक्षा धडे मोबाइलवर तुमच्या आवाजात ध्वनिमुद्रित करा. मोटार खोलताना ऐकेल.

दहावी फारच जड जातेय असं वाटलं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) रस्ता आहे. पाच विषय, गणिताची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी. पण आत्ता शाळा सोडवू नका.

त्याच्या वडिलांना रुग्णालयात सोबत न्याच. चाचणी घेणाऱ्यांच्या तोंडून ऐकलं की मुलावरचा राग पुष्कळ उतरतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. आणि तपासणी व सवलतीबाबत मुख्याध्यापकांना या आठवड्यातच लेखी अर्ज द्या. दोन प्रती करा. एका प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय उठू नका.