नेपाळहून आलेली मार्टिनी-हेन्री: आधी नळी मोजा, काडतूस नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही टेक्सासमध्ये राहता, काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातून आलेली एक मार्टिनी-हेन्री (१८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली रायफल) आहे त्या अवस्थेत, जुन्या ग्रीसच्या चिकट्यासकट विकत घेतलीत. ती नीट करून तिच्यासाठी काडतुसं घरीच भरायची आहेत. त्यासाठी २४ गेजच्या पितळी केसेस (काडतुसाची रिकामी कवचं) आणि डायचा (केसला आकार देणाऱ्या साच्यांचा) सेट आजच मागवू का, असं विचारलंय.

आज काहीच मागवू नका. काडतूस मार्टिनी-हेन्रीसाठी बनत नाही, तुमच्या हातातल्या त्या एका मार्टिनी-हेन्रीसाठी बनतं. ती रायफल नेमकी कोणती आणि कुठल्या मापाची आहे हे कळेपर्यंत खर्च करण्यात अर्थ नाही.

पहिलं काम ओळख पटवण्याचं. २००३ मध्ये काठमांडूच्या लगन सिलेखान्यातून जो साठा अमेरिकेत आला, त्यात बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या तीन वेगवेगळ्या रायफली होत्या. पहिली खरी ब्रिटिश मार्टिनी-हेन्री. तिच्या उजव्या बाजूला मुकुट, व्ही. आर. ही राणी व्हिक्टोरियाची अक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल कोरलेलं असतं. दुसरी फ्रँकॉट या बेल्जियन शस्त्रकाराच्या पद्धतीची, नेपाळातच घडवलेली. तिसरी गहेंद्र. जनरल गेहेंद्र शमशेर राणांच्या नावाने ओळखली जाणारी ही रायफल वरून मार्टिनीसारखी दिसते, पण आतली रचना वेगळी आणि घडण हाताची आहे. तुमची गहेंद्र निघाली तर ती भिंतीवर लावा, काडतुसाचा विचारही करू नका. त्या काळच्या हातघडणीच्या लोखंडावर तोंड जवळ नेऊन भरवसा ठेवावा असं मला कधीच वाटलेलं नाही. फ्रँकॉट पद्धतीच्या रायफलींतही एकीचे भाग दुसरीला बसतील याची खात्री नसते. तिथे अनुभवी गनस्मिथने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ओळख पटवताना आपल्याला एक फायदा आहे. या रायफलींवर देवनागरीत ठसे आहेत. अमेरिकेतले बरेच संग्राहक ते ठसे म्हणजे नक्षी समजून सोडून देतात. दस्त्यावरचे, नळीवरचे आकडे आणि अक्षरं आपण सरळ वाचू शकतो. साल दिसलं तर ते विक्रम संवत धरा आणि ५६ किंवा ५७ वजा करा: १९४२ म्हणजे इसवी सन १८८५-८६. साफसफाईला हात लावण्याआधी प्रत्येक ठशाचे तिरप्या उजेडात फोटो काढून ठेवा.

साफसफाईत घाई कराल तर हेच ठसे जातील. वर बसलेला तो काळपट, वाळलेला थर म्हणजे जुनं ग्रीस आणि शंभरेक वर्षांची धूळ. रॉकेल किंवा मिनरल स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवा, थर मऊ होऊ द्या, मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडावर तांबूस गंज असेल तिथे तेल आणि अगदी बारीक, चार शून्याचं स्टील वूल. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश या कामात वापरूच नये. तो गंजाबरोबर अक्षरांच्या कडाही खातो. सुटे केलेले छोटे भाग पाण्यात उकळले की तांबडा गंज काळा होतो आणि मग हलकेच पुसून निघतो. हा उपाय जुना आणि खात्रीचा आहे.

दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. त्याला सँडपेपर लावू नका. लाकडातला चिकटा स्पिरिटने काढायचा, खोलगट डाग असतील तिथे ओलं फडकं ठेवून वरून इस्त्रीची वाफ द्यायची (ठसा असलेल्या जागी ही वाफ देऊ नका, ठसाही उचलला जातो), आणि शेवटी कच्च्या जवसाच्या तेलाचे पातळ हात, मध्ये पुरेसे दिवस सोडून. एक इशारा: जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून डब्यात टाकू नका. ते आपोआप पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता नळी. आधी आतून पूर्ण साफ करा आणि दिव्यासमोर धरून बघा. आतल्या बाजूला काळी गोल कडी दिसली, म्हणजे एका जागी नळी फुगली आहे. बाहेरून बोट फिरवलं तरी ती बहुधा लागते. खड्डे थोडे असले तर चालतात, फुगवटा चालत नाही. मग मऊ शिशाची, नळीपेक्षा किंचित जाड गोळी तेल लावून एका टोकाकडून दुसरीकडे ठोकत न्या आणि तिचं माप घ्या. काडतुसाच्या नावात (.५७७/४५०) ४५० असलं तरी नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या तळाशी व्यास बहुधा ०.४६० इंचाच्या वर भरतो. खाचा सात आहेत, खाचेसमोर खाच येत नाही, त्यामुळे समोरासमोर मोजताना चूक होते, हे लक्षात ठेवून मोजा. यानंतर चेंबरचा, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेचा, साचा. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू साधारण ८० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. तो चेंबरमध्ये ओतायचा, थिजल्यावर काढायचा आणि तासाभराने मोजायचा, कारण तो आधी आकसतो, मग पसरतो आणि तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतो. हा साचा हातात आला की डाय कुठला घ्यायचा ते ठरवता येतं.

काडतूस असं का आहे, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने ही रायफल स्वीकारली: मार्टिनीचा खाली झुकणारा ठोकळा आणि हेन्रीची नळी, खाचांचा एक फेरा २२ इंचांत. मूळ काडतुसाचं कवच अखंड पितळेचं नव्हतंच. पातळ पत्रा गुंडाळून केलेली ती नळकांडी होती, बुडाला लोखंडी चकती. आत ८५ ग्रेन काळी दारू, तिच्यावर पुठ्ठ्याच्या चकत्यांमध्ये मेणाची वडी, आणि वर कागदात गुंडाळलेली ४८० ग्रेनची गोळी, १२ भाग शिसं आणि १ भाग कथील. ग्रेन हे वजन आहे: ८५ ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅम, ४८० म्हणजे ३१ ग्रॅम. ही मेणाची वडी माझ्या दृष्टीने त्या काडतुसातली सगळ्यात हुशार गोष्ट. गोळीमागून नळीत जाताना ती काजळी ओली ठेवते आणि पुढची गोळी अडत नाही. पत्र्याचं कवच मात्र तापलेल्या, मळलेल्या चेंबरमध्ये फाटायचं आणि अडकायचं. सुदानच्या मोहिमेत, १८८५ च्या जानेवारीत अबू क्लीच्या लढाईत याचा फार त्रास झाला, आणि त्यानंतर अखंड ओढलेल्या पितळेची कवचं आली. याच रायफलीच्या बाबतीत आपल्याकडची एक गोष्ट: १८८० मध्ये अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत गोऱ्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी होत्या, आणि शेजारी लढणाऱ्या मुंबई लष्कराच्या देशी पलटणींना जुन्या स्नायडर रायफली दिलेल्या होत्या. १८५७ नंतर देशी शिपायाच्या हातात एक पिढी मागचं हत्यार ठेवायचं, हे धोरणच होतं.

आजची केस तुम्ही म्हणता तशी २४ गेजच्या पितळी शॉटगन केसपासूनच बनते. ती डायमधून टप्प्याटप्प्याने बाटलीच्या आकारात आणायची, मध्ये तोंडाकडचं पितळ तापवून नरम करायचं, आणि लांबी कापायची. बुडाकडचं पितळ चुकूनही तापवू नका. ते नरम झालं तर केस तिथेच फाटते. तयार केसेस महाग मिळतात, पण पहिल्यांदा करणाऱ्याने त्याच घ्याव्यात असं माझं मत आहे.

दारू फक्त खरी काळी दारू, कारखान्यात बनलेली. धूरविरहित दारूचा एक चिमूटसुद्धा नाही, 'थोडीशी घालून बघू' नाही, कुणी व्हिडिओत घातलेली दाखवली तरी नाही. तिचा दाब वेगळ्या रीतीने चढतो आणि ही रायफल त्यासाठी घडलेलीच नाही. दुसरा नियम पोकळीचा: काळ्या दारूवर हवा उरता कामा नये. आजच्या केसमध्ये जागा जास्त असते, म्हणून कमी दारू भरली की उरलेली जागा भराव घालून दाबूनच बंद करावी लागते. मी वर सांगितलेला नळीतला फुगवटा पुष्कळदा अशाच रिकाम्या जागेतून येतो. ८५ ग्रेन हा लष्कराचा भार आहे, खांद्याला आणि जुन्या लोखंडाला जड. सुरुवात त्याच्या बरीच खालून करतात. किती खालून आणि भराव किती, ते छापील तक्त्यातून आणि काळ्या दारूचं काम रोज करणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून ठरवा. असे क्लब तुमच्या राज्यात आहेत.

शिसं वितळवताना मोकळी हवा, मुलं लांब, आणि भांड्याजवळ पाण्याचा थेंब नको. थेंबाची क्षणात वाफ होते आणि शिसं उसळतं. पहिले बार रायफल टायरला घट्ट बांधून, लांब दोरीने चाप ओढूनच काढायचे. प्रत्येक बारानंतर केस बघायची. उडवून झालं की नळीत गरम पाणी, कारण काळ्या दारूची राख पाण्यात विरघळते, तेलात नाही. मग कोरडी करून तेल. केसेसही त्याच दिवशी पाण्यात टाका, नाहीतर राख पितळ खाते.

कायद्याचं: अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली रायफल अँटिक धरली जाते, पण तुमच्या राज्याचे, गावाचे नियम स्वतः बघा, आणि तुमच्या रायफलीचं साल ठशावरून खरंच सिद्ध होतंय का तेही बघा. भरलेली काडतुसं स्वतःपुरती ठेवा. विकायला परवाना लागतो. महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी: वाड्याच्या माळ्यावर अशी रायफल सापडली तर यातलं काहीही करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली जुन्या हत्यारांची सूट दुरुस्त करूनही न चालणाऱ्या हत्यारालाच आहे. आधी पोलीस ठाण्यात कळवा.

साचा आणि शिशाची गोळी मोजून झाली की दोन्ही मापं, ठशांच्या फोटोंसह, इथे टाका. डाय कोणता घ्यायचा ते त्यावरून सांगतो.