सँडविचच्या ब्रेडसाठी झाकणाचा चौकोनी पॅन घ्यावा की साधा लोफ पॅन पुरतो?

झाकणाचाच घ्या. साध्या पॅनवर ट्रे उपडा घालून वर वजन ठेवा, असं सांगणारे भेटतील. मी दोनदा करून पाहिलंय. पीठ फुगलं की ट्रे कलंडतो आणि ब्रेड एका बाजूला नाक वर काढून बसतो.

खरं तर हे उत्तर लिहायला बसले ती दादामुळे. पाच वर्षं झाली, घरी कुणी आलं की 'हिचा बॉम्ब' ही गोष्ट त्याला सांगायचीच असते. झालं होतं असं की मी २० सेंटिमीटर लांब, १० रुंद, १० उंच पॅन आणला आणि कृती घेतली ९०० ग्रॅम मळलेल्या पिठाची. ती ३३ सेंटिमीटर लांबीच्या पॅनसाठी होती. वर लिहिलेलंही होतं, मी वाचलं नाही. पीठ काठाला टेकलेलं दिसत असूनही हाताने दाबत दाबत झाकण सरकवलं. वीस मिनिटांनी ओव्हनमधून 'कर्र' असा आवाज! झाकण मधोमध फुगलेलं, दोन्ही फटींतून पीठ बाहेर येऊन जाळीवर लोंबलेलं आणि तिथेच करपलेलं. दादाने पक्कड लावून झाकण ओढलं, त्यात पॅनची कड वाकली. वर म्हणतो कसा, "पॅनच हलका निघाला, परत कर." परत कसला करतेय, कड त्यानेच वाकवलेली!

चूक माझी होती, मान्य. पण पॅनला नावं ठेवायचं कारण नव्हतं.

पॅन कुठलाही आणा, आधी तो वजनकाट्यावर ठेवून काठोकाठ पाणी भरा. घडी घातलेल्या पत्र्याचे पॅन कोपऱ्यांतून झिरपतात, म्हणून आत प्लॅस्टिकची पिशवी घाला. पाणी जितके ग्रॅम भरेल त्याला ३.७ ने भागा. साधारण तेवढं मैद्याचं मळलेलं पीठ बसतं. माझ्या पॅनमध्ये दोन लिटर पाणी मावतं, म्हणजे ५४० ग्रॅम. मी ९०० कोंबलं होतं. गव्हाचं पीठ कमी फुगतं, तेव्हा थोडं जास्त घ्या. पीठ काठाच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली असतानाच झाकण लावायचं. वेळ चुकली तर झाकण राहू द्या, उघडाच भाजा. डोक्यावर घुमट येईल, चवीला काही होत नाही.

त्याच वाकड्या पॅनमध्ये मी आजही दर आठवड्याला ब्रेड करते. झाकण बसवताना एक चापट मारावी लागते, एवढंच. दादा चार स्लाइस खातो आणि विचारतो, "पॅन बदललास ना?"

सिलिकॉनचा घेऊ नका. बाजू बाहेर फुगतात आणि रंग फिकट येतो. काळपट पॅनमध्ये कड लवकर तांबूस होते, तेव्हा लक्ष ठेवा. आणि हो, तुम्हाला कडक, कुरकुरीत सालाचा ब्रेड हवा असेल तर वरचं सगळं विसरा, त्याला बिडाचं जड झाकणाचं भांडं लागतं. काहीही घ्यायच्या आधी ओव्हन आतून मोजा. भाजून झाला की ब्रेड लगेच पॅनबाहेर काढा, नाहीतर वाफेने बाजू ओल्या होऊन आत बसतात. झाकण अडकलंच तर पाच मिनिटं थांबून हलक्या हाताने सरकवा. पक्कड नको.