डार्ट का धडकलं, आणि इस्रोने तारीख का ढकलली

तुम्ही विचारलंयत, स्पेडेक्सची (अवकाशात दोन यानं एकमेकांना जोडण्याचा इस्रोचा प्रयोग) दोन्ही यानं आपोआप जवळ येणार होती, तर जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने तारीख दोनदा का ढकलली? उत्तर नासाच्या डार्ट या यानात आहे. (लघुग्रहावर आदळवलेलं डार्ट वेगळं, हे त्याच्या आधीचं.)

१५ एप्रिल २००५ ला ते पेगॅसस रॉकेटवरून सुटलं. कक्षेत आधीपासून फिरत असलेल्या मबलकॉम उपग्रहाजवळ २४ तासांत माणसाच्या मदतीशिवाय जायचं, घिरट्या घालायच्या, परतायचं. जमिनीवरून त्याला हुकूम देण्याची सोयच ठेवली नव्हती. अकरा तासांतच इंधन संपत आलं.

झालं असं की अंदाजे काढलेली जागा आणि मोजलेली जागा यांत फार फरक पडला, की सॉफ्टवेअर अंदाज पुसून मोजमापावरून नव्याने सुरुवात करायचं. पण जीपीएस रिसीव्हर वेग सेकंदाला ०.६ मीटरने चुकीचा सांगत होता. म्हणजे पुसून लिहिलेलं गणितही चुकलेलंच. पुन्हा फरक, पुन्हा रीसेट, आणि दर वेळी थ्रस्टर (यानाला ढकलणारी छोटी इंजिनं) उगाच फुरफुरणार. त्या गोंधळात ठरलेला टप्पा थोडक्यात हुकला, आणि जवळून अंतर मोजणारा लेझर सेन्सर त्या कामाला लागलाच नाही.

शेवटी डार्ट मबलकॉमलाच धडकलं. धडकेच्या क्षणी डार्टच्या हिशेबी मबलकॉम १३० मीटर लांब होता आणि आपण मागे सरकतोय. प्रत्यक्षात ते सेकंदाला दीड मीटरने त्याच्यावर चाललं होतं. टक्कर टाळणारी यंत्रणा होती हो! पण तिलाही माहिती त्याच बिघडलेल्या नेव्हिगेशनकडून मिळत होती.

मला खटकतं ते हेच. मी भोसरीत मशीनची कंट्रोल पॅनेलं करतो. तिथे साधा ओव्हरट्रॅव्हलचा लिमिट स्विचसुद्धा (मशीनचा भाग हद्दीपलीकडे गेला की मशीन थांबवणारा) पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या, भरवशावर सोडत नाही, त्याची वायर वेगळी ओढतो.

आता इस्रोकडे बघा. पहिल्यांदा ७ जानेवारी पुढे ढकलली ती माघारीचा, म्हणजे अबॉर्टचा, एक प्रसंग लक्षात आला आणि तो जमिनीवर सिम्युलेशनमध्ये तपासायचा होता म्हणून. दुसऱ्यांदा, यानं नजरेआड असताना अपेक्षेपेक्षा जास्त सरकलेली दिसली म्हणून. १२ जानेवारीला तर ती १५ मीटरवर आणली, मग ३ मीटरवर, आणि पुन्हा लांब नेली. जोडणी १६ तारखेला.

मबलकॉम वाचला, नुसता थोडा वरच्या कक्षेत ढकलला गेला.