वायरलेस कंट्रोलरवर रोज शेकडो अलार्म येतात. लॉग कसे ठेवावेत आणि कोणत्या अलार्मकडे लक्ष द्यावे?

आपल्या कंपनीत साठ अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारी उपकरणे) आहेत, अलार्मचे ईमेल आता कोणी उघडतही नाही आणि ती सारी उपकरणे सांभाळणारा कंट्रोलर रीस्टार्ट झाला की जुने लॉग सापडत नाहीत, असे आपण लिहिले आहे. मी नागपुरात नेटवर्कची देखभाल करतो. माझे मत असे की अलार्मला हात लावण्याआधी कंट्रोलरचे घड्याळ तपासावे.

हिंगणा एमआयडीसीतील एका गोदामात मे महिन्यात रोज दुपारी अ‍ॅक्सेस पॉइंट बंद पडत. तिथला माणूस दुपारी 2:40 ची तक्रार सांगे आणि लॉगमध्ये त्या वेळेला काहीच दिसत नसे. दोन दिवसांनी लक्षात आले की कंट्रोलर यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ लिहीत होता आणि ती नोंद 09:10 या वेळेसमोर पडलेली होती. तिथे एकाच मिनिटात चोवीस अ‍ॅक्सेस पॉइंटचा संपर्क तुटला होता, म्हणजे अलार्म चोवीस असले तरी बिघाड एकच होता. पत्र्याच्या छताखालच्या रॅकमधला स्विच उन्हाने तापून बंद होत होता. पुष्कळ स्विच 45 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतले तापमानही तेवढे जाते. वेळ जुळत नसल्याने हे कळायला दोन दिवस गेले, म्हणून कंट्रोलर, स्विच आणि रेडियस सर्व्हर (वायफायवर येणाऱ्याची ओळख तपासणारा) या तिघांचीही वेळ एकाच एनटीपी सर्व्हरवरून (अचूक वेळ पुरवणारा) घ्यावी.

त्यानंतर लॉग कंट्रोलरबाहेर न्यावेत. आतला बफर, म्हणजे नोंदींची तात्पुरती जागा, लहान असतो, भरला की जुन्या नोंदींवर नव्या नोंदी चढतात आणि रीस्टार्टमध्ये बहुधा सगळेच पुसले जाते. नेमके ज्या बिघाडाने रीस्टार्ट झाला त्याचाच पुरावा जातो. सिसलॉगसाठी, म्हणजे उपकरणांच्या नोंदी दुसरीकडे पाठवण्याच्या प्रचलित पद्धतीसाठी, एक साधा लिनक्स सर्व्हर पुरतो. नेहमीचा यूडीपी पोर्ट 514 आहे, पण त्यात वाटेत हरवलेली नोंद पुन्हा पाठवली जात नाही, त्यामुळे कंट्रोलरमध्ये सोय असल्यास टीएलएसवरचा (हरवलेले पुन्हा पाठवणारा आणि मजकूर सांकेतिक करणारा) 6514 वापरावा. सिसलॉगमध्ये तीव्रतेच्या 0 ते 7 अशा पातळ्या असतात आणि आकडा जितका लहान तितकी बाब गंभीर असते. सर्व्हरवर 6 पर्यंतचे सारे जाऊ द्यावे; 7, म्हणजे डीबग (अगदी बारीकसारीक नोंदी), शोध चालू असेल तेवढ्याच वेळापुरते सुरू करावे आणि आठवणीने बंद करावे, कारण त्याने कंट्रोलरवर भार येतो.

आता अलार्म. लॉग म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीची नोंद आणि अलार्म म्हणजे अजून चालू असलेली स्थिती, जी दुरुस्त झाल्यावर मिटायला हवी. प्रत्येक अलार्मसमोर तो आल्यावर कोण काय करणार हे लिहून पाहा. जिथे काही लिहिता येत नाही तो अलार्म ईमेलमधून काढावा, लॉगमध्ये मात्र राहू द्यावा. रेडियस सर्व्हर उत्तर देत नाही, जोडीतला दुसरा कंट्रोलर दिसत नाही, एका स्विचवरचे अनेक अ‍ॅक्सेस पॉइंट एकदम गेले, हे लगेच फोनवर यायला हवे. एकटा अ‍ॅक्सेस पॉइंट पाच मिनिटे परतला नाही तरच कळवावे. त्याच चॅनेलवर रडार असल्याच्या शंकेमुळे चॅनेल बदलल्याची नोंद आठवड्यातून एकदा पाहिली तरी चालते.

अनोळखी अ‍ॅक्सेस पॉइंटचे अलार्म सीताबर्डीसारख्या दाट वस्तीत अखंड येतात आणि ते बहुतेक शेजारच्या दुकानांचे वायफाय असते. त्यांच्यावर आपोआप रोखण्याची कारवाई कृपया लावू नये, त्याने शेजाऱ्यांच्या वायफायला जोडलेली उपकरणे तुटतात. आपल्या वायरला जोडलेला किंवा आपल्याच नेटवर्कचे नाव प्रसारित करणारा अनोळखी अ‍ॅक्सेस पॉइंट मात्र त्याच दिवशी जाऊन शोधावा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग 180 दिवस जपायचे आहेत. त्यासाठी किती डिस्क लागेल याचा अंदाज बांधू नये. सात दिवसांचे लॉग जमू द्यावेत, त्यांचा आकार पाहून त्याला 26 ने गुणावे आणि निम्मी जागा आणखी धरावी, कारण बिघाडाच्या दिवशी नोंदी कितीतरी पटींनी वाढतात.