फिजिओथेरपी चालू असताना ऑक्युपेशनल थेरपी वेगळी कशाला?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना पाच आठवड्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू कमजोर झाली, फिजिओ रोज घरी येतात आणि आता न्यूरॉलॉजिस्टनी ऑक्युपेशनल थेरपीही लिहून दिली आहे. ‘हे खरंच वेगळं असतं की नवीन फॅड?’ असं तुम्ही विचारलंय. मी स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे माझं मत एका बाजूला झुकणार हे धरूनच वाचा.

फिजिओ प्रामुख्याने पायातली ताकद, तोल, उठणं-चालणं यांवर काम करतात. आमचा भर रोजची कामं पुन्हा स्वतः करता येण्यावर असतो, म्हणून आम्ही आलो की आधी विचारतो, झटका येण्यापूर्वी बाबा सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करायचे? दात घासणं, आंघोळ, लेंग्याची नाडी, पेपर, भाजी आणणं, फोनवर पैसे पाठवणं. मग एकेक काम त्यांना आमच्यासमोर करायला लावतो आणि ते नेमकं कुठे अडतंय ते बघतो. हात पोचत नाही, की पोचतो पण पकड सुटते? की पकड ठीक आहे आणि आधी काय करायचं, नंतर काय, हेच सुचत नाही? ‘शर्ट घालता येत नाही’ या एका तक्रारीमागे यातलं काहीही असू शकतं आणि त्यानुसार उपाय बदलतो. दोन्ही थेरपींची कामं कधी कधी एकमेकांत मिसळतात, त्यात वावगं काही नाही. पण एकीमुळे दुसरीची गरज संपत नाही.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत जेवणाचं उदाहरण घेते, कारण उजवी बाजू गेली की आपल्याकडे पहिला पेच तिथेच पडतो. डाव्या हाताने जेवायला बरीच ज्येष्ठ मंडळी तयार नसतात. मग घरचे भरवतात, आणि ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं तो पाहुणे आले की जेवायलाच बसत नाही. अशा वेळी मी डाव्या हातात चमचा देते, पण उजवा हात मांडीवर पडू देत नाही. तो टेबलावर, ताटाच्या काठाशी ठेवायचा. ताट सरकू नये म्हणून खाली ओला नॅपकिन. ताट उंच काठाचं. उजव्या हाताची बोटं थोडी मिटायला लागली की चमच्याचा दांडा जाड करून त्या हातात द्यायचा. एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी यासाठी उत्तम, महागडं साहित्य लागत नाही. सुरुवात खिचडी किंवा उपम्याने करा. पोळीचा तुकडा एका हाताने तोडणं हे फार नाजूक काम आहे, ते नंतर. मात्र पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा जेवताना आवाज घोगरा होत असेल, तर हे सगळं थांबवून आधी डॉक्टरांना सांगा. गिळण्याची तपासणी आधी व्हायला हवी.

नुसता व्यायाम का पुरत नाही? कारण झटक्यानंतर मेंदू जे काम पुन्हा पुन्हा करतो, तेच जास्त शिकतो. हात वर-खाली करण्याचा सराव केला की हात वर-खाली करायला येतो. त्यातून केस आपोआप विंचरता येतीलच असं नाही. माझ्याकडच्या एक काकू पेग बोर्डवर, म्हणजे सरावाच्या भोकांच्या फळीवर, खुंट्या लावायला चक्क कंटाळायच्या. त्यांना पोळपाट-लाटणं दिलं. चांगल्या हाताने लाटणं पुढे-मागे करायचं, कमजोर हात दुसऱ्या टोकावर. खुंट्यांसाठी न मिळणारा वेळ पोळ्यांसाठी आनंदाने मिळू लागला. पोळ्या वाकड्याच व्हायच्या, पण खांदा, कोपर आणि मनगट तिन्ही कामाला लागले.

आता घरच्यांसाठी दोन शब्द, जरा कडक. आपल्याकडे सेवा म्हणजे सगळं आपण करणं. ‘बाबा, तुम्ही बसा, मी घालते शर्ट.’ दोन मिनिटांत काम होतं खरं, पण बाबांचा त्या दिवसाचा सराव तुम्ही घेतलात. त्यांना खुर्चीत बसवा, शर्टाची बाही आधी कमजोर हातात चढवायला सांगा, मग चांगल्या हातात. काढताना उलट, चांगला हात आधी. वीस मिनिटं लागली तर लागू द्या. दुसरं म्हणजे, उठवताना कमजोर हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. सैल पडलेला खांदा त्याने दुखावतो आणि मग महिनोन्महिने छळतो. शेजारी सांगतात तसा रबरी बॉलही थेरपिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका. बोटं आधीच आत वळत असतील तर आपल्याला ती उघडायची आहेत, आणखी आवळायची नाहीत.

फॅडबद्दल सांगायचं तर, मुंबईत केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण १९५० साली सुरू झालं. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी ते सुरू केलं. १९५२ मध्ये या विषयाची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापक देशांत भारत होता. तरीही लोकांना आमचं नाव माहीत नसतं, हे आमचंच अपयश म्हणा हवं तर. पॅरालिसिसखेरीज ऑटिझम असलेली मुलं, हाताच्या शस्त्रक्रिया झालेले कामगार, संधिवात, स्किझोफ्रेनिया अशी कितीतरी माणसं आमच्याकडे येतात.

कुठे जायचं? मुंबईत असाल तर केईएम, सायन, नायर, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे ओपीडीत सोय आहे. खासगीत जाणार असाल तर ऑक्युपेशनल थेरपीची पदवी आणि राज्य परिषदेकडची नोंदणी विचारून घ्या, विचारायला संकोच नको. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणेचा वेग साधारणपणे सर्वांत जास्त असतो, म्हणून ‘फिजिओ संपली की बघू’ असं करू नका.

पहिल्या भेटीला जाताना वडिलांना पुन्हा स्वतः करायची आहेत अशी तीन कामं लिहून न्या. ती त्यांनी ठरवायची, तुम्ही नाही. उजव्या बाजूच्या पॅरालिसिसमध्ये बोलण्यावरही परिणाम झालेला असू शकतो. तसं असेल तर रोजच्या कामांचे फोटो मोबाइलवर दाखवा आणि त्यांना बोट ठेवू द्या.